डेलियाची पारख भर फुलातच



उसाचे पान सोडून या वेळी फुलांचा विषय कशाला, असे काही जण म्हणतील. म्हणोत बापडे! आपल्याकडे गाळप रंगात येते त्याच दिवसांत घरोघरच्या अंगणात डेलिया फुलतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायामंडळी घरोघर जातात, तेव्हा एक वाण हातात पडते आणि दुसरे वाण कुंडीत पाहायला मिळतात. "तुमचा एवढा मोठा कसा हो? आमचाही तोच आहे ना?" हा प्रश्न तेव्हाच निघतो, आणि त्यावरूनच हा लेख.

आमच्या शेजारच्या तीन घरांनी एका रोपवाटिकेतून एकाच नावाची कलमे आणली होती. फुले आली तेव्हा एकाकडे ताटलीएवढे फूल, दुसऱ्याकडे वाटीएवढे, आणि तिसऱ्याकडे मधोमध पिवळा डोळा दाखवणारे. रोपवाटिकेने फसवले, असे तिघांचे एकमत झाले. आम्ही पुढच्या वर्षी तिन्हींची कलमे एकाच अंगणात, सारख्या कुंड्यांत, एकाच दिवशी लावली. पहिली दोन अगदी सारखी निघाली. तिसरे मात्र खरोखरच वेगळे वाण होते. म्हणजे तक्रार एका घराची खरी, दुसऱ्याची नुसती मशागतीची चूक!

असे का होते ते पाहू. डेलिया मूळचा मेक्सिकोचा. तिथून बी स्पेनमध्ये माद्रिदच्या बागेत गेले आणि १७९१ साली डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून त्याला नाव मिळाले. कुळ सूर्यफूल, झेंडू, शेवंतीचे. म्हणून आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. या झाडात गुणसूत्रांचे आठ संच असतात, बहुतेक झाडांत दोनच असतात. त्यामुळे बियांतून काय निघेल ते सांगता येत नाही. एका फुलाच्या दहा बिया लावल्या तर दहा तऱ्हा. उसाचेही असेच नाही का? कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेत संकराच्या बियांतून हजारो रोपे तपासावी लागतात, तेव्हा को ८६०३२ सारखे वाण हाती येते, आणि पुढे ते बेण्याच्या डोळ्यावरच वाढवायचे. डेलियातही निवडलेले वाण कंद किंवा कलम यांनीच टिकते. रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी आपल्या देशात असे पुष्कळ वाण काढले. त्यांतले 'भिक्खूज मदर' आजही हौशी लोकांच्या तोंडी आहे.

आता तुलना कशी करावी? दसऱ्याच्या सुमारास सगळी कलमे एकदमच लावावी. कुंडी दहा-बारा इंची, सगळ्यांना सारखी. आपली काळी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. निम्मा पोयटा, बाकी वाळू व कुजलेले शेणखत असे मिश्रण बरे. कारखान्याची प्रेसमड कोणी वापरणार असेल तर ती चांगली मुरलेली हवी. ताजी घातली की गरमीने मुळ्या जळतात. आधाराला पऱ्हाटीची जाड काडी चालते, परंतु ती लावणीच्या वेळीच रोवावी, मागाहून रोवली तर कंदात शिरते.

सगळ्यात मोठा घोटाळा कळ्यांचा. शेंड्यावर तीन कळ्या येतात. मधली ठेवून बाजूच्या दोन खुडल्या की फूल मोठे होते. एकाने खुडल्या, दुसऱ्याने तशाच ठेवल्या, आणि मग दोघांनी फूटपट्टी लावून भांडायचे, ही कसली तुलना? वरील गोष्टीत नेमके हेच झाले होते. आणि हो, फार मोठ्या फुलाचे वाण आणि सुपारीएवढ्या पॉम्पॉनचे वाण यांची एकमेकांशी तुलना करूच नये. पॉम्पॉनचे फूल जितके लहान व गोल, तितके ते चांगले.

मधला डोळा दिसला म्हणून वाण लगेच हलके ठरवू नका. दिवस लहान असले, खत कमी पडले किंवा हंगाम संपत आला, तर पाकळ्या कमी होऊन डोळा उघडा पडतो. पहिल्या दोन-तीन फुलांवर निकाल द्यावा. दुरंगी वाणाचे तर विचारूच नका, एकाच झाडावर एक फूल लाल-पांढरे आणि दुसरे नुसते लाल! त्याला कोणी फसवणूक म्हणू नये. पानांवर पिवळे पट्टे आणि झाड खुजे दिसले तर मात्र तो मोझॅक समजावा. तो माव्यामार्फत व कलमातून पसरतो. फूल कितीही देखणे असो, ते झाड उपटून जाळावे. उसाचे रोगट बेणे आपण ठेवतो का?

फूल पाहतानाच झाडाला नावाची चिठ्ठी बांधावी, शिसपेन्सिलीने लिहिलेली. शाई पाण्याने जाते. हे नाही केले तर मार्चनंतर सगळे कंद सारखेच दिसतात आणि वर्षाची मेहनत पाण्यात जाते.

खरी कसोटी उन्हाळ्याची. मे महिन्यात आपला पारा ४५ अंशांवर चढतो आणि कित्येक चांगली वाणे तेव्हाच घरातून नाहीशी होतात. पाने वाळली की पाणी तोडावे, कंदांचा घड मातीसकट सैल करून काढावा. बटाट्यासारखे याला अंगभर डोळे नसतात. डोळे फक्त खोडाच्या बुडाशी, मानेवर. मान तुटलेला कंद टपोरा असला तरी फुटत नाही. कोरड्या वाळूत घालून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावे, आणि महिन्यातून एकदा चाचपून पाहावे. सुरकुतला तर पाण्याचा हलका शिपका, मऊ पडला तर बाहेर. (या कंदात पिष्ट नसून इन्युलिन असते आणि त्याची मोड केली की फळसाखर मिळते, म्हणजे हाही आपल्या गोतातलाच!) पावसाळा सरता सरता फुटवे आले की त्यांची कलमे करून चिठ्ठीसह शेजाऱ्यांना द्यावीत. एका घरचा कंद उन्हाने गेला तरी वाण दुसऱ्या घरी राहते.