सात पानं म्हणजे जंगली गुलाब नव्हे

गुलाबाच्या ज्या फांदीला सात पानं ती जंगली, दिसताक्षणी छाटा! हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो, की पाचगणी-महाबळेश्वरला सुटीच्या घरापुढे कमानीवर चढवायला हौसेने लावलेला वेलगुलाब कमरेच्या वर जातच नाही. जाईल कसा? त्याची सर्वांत जोमदार फूट दरवर्षी मालकच कापतो. आपण पानं म्हणून मोजतो त्या एकाच संयुक्त पानाच्या पर्णिका असतात, आणि त्या किती हे वंशावर ठरतं. मोठ्या फुलांच्या झुडपी गुलाबांत चिनी गुलाबाचा वारसा बराच आहे. त्याला बहुधा तीन ते पाच पर्णिका, म्हणून पाच म्हणजे अस्सल असं वाटू लागलं. वेलगुलाबांच्या कित्येक जाती मात्र रोझा विचुराना आणि रोझा मल्टिफ्लोरा या पूर्व आशियातल्या रानगुलाबांपासून आल्या. त्या दोघांनाही सात-नऊ पर्णिका सर्रास असतात. शंका वाटत असेल तर ‘न्यू डॉन’ बघा. 1931 साली अमेरिकेतलं वनस्पतीचं पहिलं पेटंट मिळालेला आणि 1997 साली जागतिक गुलाब महासंघाने गौरवलेला हा वेलगुलाब विचुरानाच्याच वंशातला आहे. सात पर्णिका दिसल्या म्हणून कापायचं, तर हाही कापावा लागेल.

यावर उत्तर येतं, ‘पण आमच्याकडे खरंच सात पानांची जंगली फूट आली होती.’ आली असेल. डोळा भरताना, म्हणजे हव्या गुलाबाचं दुसऱ्या रोपावर कलम करताना, खालचं रोप (खुंट) म्हणून मल्टिफ्लोरा वापरतात आणि त्याची फूट तशीच दिसते. पण खुंटाला सात पर्णिका असतात, यावरून सात पर्णिकांची प्रत्येक फांदी खुंटाची ठरत नाही. खुंट चिनी गुलाबाच्या कुळातला असला तर त्याची फूट पाच पर्णिका घेऊन येईल आणि तुम्ही ती खुशाल वाढू द्याल! फांदी कुठून फुटली ते बघा: बुंध्याजवळची माती बाजूला करा, डोळा भरल्याची गाठ शोधा. गाठीखालून आलेली फूट खुंटाची, वरची तुमच्या गुलाबाची. मल्टिफ्लोराची आणखी एक खूण म्हणजे देठाच्या तळाशी झालरीसारखी कातरलेली उपपर्णं. पण त्याच्या वंशातल्या वेलगुलाबांतही ती दिसू शकतात, त्यामुळे निर्णय गाठीवरच करावा. रोप फाट्यापासून केलेलं असेल, तर खुंटच नाही, मग जंगली फूट येणार कुठून? दुसरा आक्षेप, ‘त्या फांदीला फूल आलं नाही, म्हणजे ती जंगलीच.’ वर्षातून एकदाच बहरणारे वेलगुलाब आदल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात. या वर्षीची फांदी कापली की पुढच्या वर्षीचा बहर गेला, आणि न फुलल्यामुळे मूळ समज आणखी घट्ट झाला. हे चक्र झाडाने नाही, कात्रीने सुरू केलेलं आहे.

बाकीचे समज थोडक्यात. वेलगुलाब आपोआप चढत नाही. त्याला ताणे नसतात, फांद्या बांधाव्याच लागतात. ऑक्टोबरात झुडपी गुलाबासारखा तो गुडघ्यापर्यंत छाटायचा नाही. आणि उंच वाढला की भरपूर फुलेल हेही खोटं: सरळ उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच फांदी वाकवून तारेला आडवी बांधली, की डोळ्याडोळ्यातून फुलाच्या फुटी येतात.