घरच्या संगणकास नवी प्रणाली

वसई, नालासोपारा, विरार या बाजूच्या अनेक घरांत आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अद्यापही कोपऱ्यातील मेजावर काम देताना आढळतो. मुलांचा अभ्यास, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, बँकेचे व्यवहार, एवढे सर्व त्यावर होते. अशा यंत्रावर बहुधा विंडोज १० ही प्रणाली असते. प्रणाली म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारीच होय. धनी सांगेल ते यंत्राला समजावून देणे व आगंतुकास दाराशी अडविणे, ही दोन्ही कामे त्याचीच.

ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये निघाली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नित्याची देखभाल थांबविली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, आणि गैरसमज होतो तो नेमका येथेच. यंत्र पूर्ववत चालते. परंतु प्रणालीत नव्याने सापडणारी छिद्रे बुजविण्याचे काम थांबलेले असते. ज्या घरात बँकेचा व्यवहार त्याच यंत्रावर होतो, त्या घराने ही गोष्ट हलकी मानू नये. ज्यांस तूर्त बदल करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षेची योजना कंपनीने जाहीर केली. तथापि ती केवळ सवड होय, उपाय नव्हे.

पुढची पायरी म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११. अधिकृत विंडोज १० असलेल्या पात्र यंत्रास ती विनामूल्य मिळते. अडचण आहे ती पात्रतेची. ४ जीबी स्मृती व ६४ जीबी साठा या अटी बहुतेक यंत्रे पुऱ्या करतात. परंतु टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या जपणारी लहानशी तिजोरीही यंत्रात असावी लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. कित्येक यंत्रांत ही तिजोरी असते, पण निजलेली असते. बायॉसच्या मांडणीत जाऊन तिला जागे करावे लागते. मात्र त्यापूर्वी बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. नाही तर आपल्याच घराच्या दाराबाहेर उभे राहण्याचा प्रसंग येतो. अटींना बगल देऊन नवी प्रणाली बसवून देणारे लोकही भेटतात. असा आडमार्ग न धरलेला बरा, कारण पुढील सुधारणा त्या यंत्रास मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

सर्वांत आधी करावयाचे काम नकलेचे. छायाचित्रे, दाखले व हिशेब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावे, आणि ती दुसऱ्या यंत्रास जोडून दोन-चार फाइली उघडून पाहाव्या. न तपासलेली नकल म्हणजे न मोजलेली मोड.

मराठी घरास आणखी एक धोका आहे, आणि त्याविषयी दुकानदार क्वचितच बोलतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत जे लेखन झाले, त्यात आत साठविलेली अक्षरे देवनागरी नसतात. रोमन चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे केवळ दिसतात. यंत्र पुसून नवी प्रणाली बसविली की तो फॉन्ट नाहीसा होतो आणि उरते अर्थहीन रोमन अक्षरांची रास. वसईतील एखाद्या घरी आजीने सांगितलेली सामवेदी बोलीतील लग्नगीते अशा फाइलीत टंकून ठेवलेली असतील, तर ती एका दुपारीत वाचेनाशी होतील. यास्तव जुना फॉन्ट फाइलीसह जपावा, मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा व मुळाशी ताडून पाहावा. जोडाक्षरे व रफार येथे हटकून चुकतात. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, त्यामुळे हे श्रम सहसा पुन्हा करावे लागत नाहीत. नव्या मांडणीत परिचित मंगल फॉन्ट न दिसल्यास घाबरू नये; सेटिंग्जमधून देवनागरीचे पूरक फॉन्ट मागविता येतात.

प्रत्यक्ष बदलास काही तास लागतात. मध्येच वीज गेल्यास प्रणाली अर्धवट राहण्याचे भय असते. म्हणून यूपीएस नसेल तर भर पावसाळ्यात, जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते तशा दिवसांत, हे काम काढू नये. जुन्यावरच नवी प्रणाली चढविली आणि ती मानवली नाही, तर सामान्यतः १० दिवसांच्या आत मागे फिरता येते. तेवढ्या अवधीत मुद्रकयंत्र चालते की नाही हे अवश्य पाहावे.

अपात्र ठरलेले यंत्रही भंगारात देण्याची घाई नको. त्यावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसते. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, जुन्यास हात न लावता. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी घातली, तर तेच यंत्र पुष्कळ चपळ होते, आणि शाळकरी मुलाचा अभ्यास व घरचा पत्रव्यवहार त्यावर आणखी काही वर्षे सुखाने चालतो.