लवंगी मिरचीचं गाव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. माझ्या लहानपणी गणपतीच्या मांडवात बांबूला कर्णा बांधलेला असायचा. सकाळी आरत्या, अभंग. रात्री आठनंतर लावण्या. ढोलकीवर थाप पडली, की गल्लीतली पोरं खेळ टाकून मांडवाकडे पळायची. सुलोचना चव्हाणांची 'लवंगी मिरची' लागायची आणि त्यात कोल्हापूरचं नाव आलं, की एकच आरोळी उठायची.

ही लावणी राजा ठाकूर यांच्या 'रंगल्या रात्री अशा' (१९६२) या चित्रपटातली. संगीत वसंत पवारांचं. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'नं पुण्याच्या विजयानंदमध्ये १३० आठवड्यांच्या वर मुक्काम ठोकला होता, त्याचंही संगीत त्यांचंच. ढोलकीच्या चित्रपटांना तेव्हा बरकत होती आणि लावणी लिहिणारे हात हवे होते. वसंतरावांनी ही लावणी दिली जगदीश खेबूडकरांना. करवीर तालुक्यातल्या हळदीचा हा माणूस पेशानं शिक्षक. चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेलं हे पहिलंच गाणं.

पहिल्याच फटक्यात त्यांनी काय साधलं बघा. नाव-गाव विचारणाऱ्याला लावणीतली बाई उडवून लावते आणि उडवता उडवता पत्ताही देऊन टाकते. गावाच्या नावाला लागलेला 'ची' थेट 'मिरची'तल्या 'ची'ला भिडतो. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी कांडली जाते, तेव्हा चार घरं पलीकडचा माणूसही खोकतो. बोटभर लांबीही नसलेल्या मिरचीचा ठसका ज्यानं घेतलाय, त्याला ती उपमा समजावून सांगावी लागत नाही.

पण लिहिणाऱ्याइतकंच श्रेय गाणारीचं. फडावर लावणीची एक ओळ घेऊन नाचणारी दहा प्रकारे अदा करते, वेळेला तोटा नसतो. तबकडीच्या एका बाजूला मिळायची तीन-सव्वातीन मिनिटं, आणि बाई दिसणार नाही. म्हणजे डोळा, मान, कंबर, सगळं गळ्यानंच करायचं. गिरगावात वाढलेल्या सुलोचनाबाई फडावरच्या नव्हेत. पती, दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांनी शब्दफेकीकडे बारकाईनं लक्ष दिलं, असं त्या सांगत. तुम्ही ऐकून बघा: जोडाक्षर कुठं गिळलेलं नाही, ओळीच्या शेवटी आवाज पडत नाही. पत्र्याच्या कर्ण्यातून, पावसात, अर्ध्या गल्लीवरूनही शब्द कळायचा. मला वाटतं, गाणं घरोघरी गेलं ते या स्पष्टपणामुळे. नुसता ठसका ठेक्यातही असतो.

आणि हीच बाई व्यासपीठावर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, जागची न हलता लावणी म्हणायची. लावणीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारी घरंही त्यामुळे तिच्या कार्यक्रमाला सहकुटुंब बसली. आचार्य अत्र्यांनी तिला लावणीसम्राज्ञी म्हटलं. पद्मश्री मात्र २०२२ साली, नव्वदीला टेकल्यावर मिळाली. त्याच डिसेंबरात त्या गेल्या.

खेबूडकरांनी पुढं १९७२च्या 'पिंजरा'ची गाणी लिहिली, ती महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. आमच्या गल्लीत मात्र फर्माईश 'मिरची'चीच यायची. तबकडी इतकी घासली, की त्या एका जागी सुई अडकायची आणि कोल्हापूर, कोल्हापूर असं वाजत राहायचं. कर्णेवाला लगेच उठायचा नाही.