आवर्तन यंत्राचे, कान माणसाचा



देवळात भजनाच्या तालमीला तबलजी आला नाही, की हल्ली कोणीतरी पिशवीतून एक लहानशी पेटी काढतो. खटका दाबला की पेटीतून तबला वाजू लागतो. धा धिं धिं धा, असा सोळा मात्रांचा त्रिताल. लय चढत नाही, पडत नाही. दोन तास वाजला तरी पेटीचा हात दुखत नाही आणि तिला मध्ये चहाही लागत नाही. मंडळातले एखादे आजोबा मात्र कुरकुरतात, "ह्याला काय वाजवणं म्हणायचं? हा तर नुसता घाणा फिरतोय!"

आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकच गोष्ट यंत्र बिनचूक आणि पुन्हा पुन्हा करू लागले, तर त्यात संगीत कोठे राहिले? आणि माणसाला काम काय उरले? गेल्या साठ वर्षांत जगात असे आवर्तनाने चालणारे विजेचे संगीत पुष्कळ निर्माण झाले आहे. ते तयार कसे होते हे आज आपण पाहू. ते एकदा समजले, की आजोबांना उत्तर देणे सोपे जाईल.

प्रथम स्वराचे पाहू. बाजाच्या पेटीत भाता हवा देतो, पितळी पत्ती थरथरते आणि स्वर उमटतो. सिंथेसायझर नावाच्या वाद्यात पत्ती नाही की तार नाही. तेथे विजेचा दाबच ठरावीक गतीने कमीजास्त होत राहतो आणि त्या हेलकाव्याने कर्ण्याचा पडदा थरथरतो. सेकंदाला ११० कंपने झाली आणि त्यांना आपण सा म्हटले, तर २२० कंपने म्हणजे वरच्या सप्तकातला सा. हा कच्चा स्वर कानाला फार कर्कश लागतो, म्हणून त्याला एका गाळणीतून नेतात. या गाळणीला फिल्टर म्हणतात. तिचे काम समजायला यंत्र नको. लांब 'आ' म्हणत तोंडावर तळहात धरा आणि हळूहळू काढा. स्वर तोच राहतो, पण बंद आवाज उघडत जातो. फिल्टर हेच करतो.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला सिंथेसायझर पुढे आणला. त्यांच्या यंत्रातली एक गोष्ट फार महत्त्वाची ठरली. विजेचा दाब एक व्होल्टने वाढवला की स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. सप्तकात बारा स्वर, म्हणून व्होल्टचा बारावा भाग वाढवला की पुढचा स्वर मिळतो. याचा अर्थ असा, की स्वर म्हणजे आता विजेचे एक माप झाले. ते माप बोटाने पट्टी दाबून दिले काय, किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्राने दिले काय, सिंथेसायझरला फरक पडत नाही.

हे दुसरे यंत्र म्हणजे सिक्वेन्सर. विहिरीवरचे रहाटगाडगे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते लगेच कळेल. चाकाला आठ गाडगी बांधली आहेत आणि प्रत्येकात वेगवेगळे पाणी भरले आहे असे समजा. चाक फिरेल तसे एकेक गाडगे वर येते, रिते होते, आणि आठवे झाले की पुन्हा पहिले. मूग यांच्या सिक्वेन्सरमध्ये अशीच आठ घरांची ओळ असे. प्रत्येक घराला एक फिरते बटण. बटण जितके फिरवावे तितका दाब, म्हणजे तो स्वर. एक घड्याळ टकटक करीत पुढे जाते आणि प्रत्येक टकटकीला पुढच्या घराचा स्वर वाजतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली आणि एका मात्रेत चार घरे बसवली, तर आठ घरांचा फेरा एका सेकंदात पुरा होतो. आपल्या भजनातली ती तबल्याची पेटीसुद्धा याच घराण्यातली. तिच्या घरांत स्वरांऐवजी बोल भरलेले असतात एवढेच.

आता तुम्ही म्हणाल, "दर सेकंदाला तेच आठ स्वर? दहा मिनिटांत डोकं उठेल!" बरोबर आहे. नुसते चाक फिरत ठेवले तर ते घाण्याच्याच लायकीचे. म्हणून वाजवणारा तेथे हात बांधून बसत नाही. तो फिल्टर सावकाश उघडतो आणि तेच स्वर अंधारातून उजेडात यावे तसे पुढे येतात. आठांतला एकच स्वर तो बदलतो आणि साऱ्या ओळीचा चेहरा बदलतो. किंवा तो आठ घरांच्या चाकाशेजारी पाच घरांचे दुसरे चाक सोडतो. दोन्ही एकदम निघाली, तर पुन्हा एकदम पहिल्या घरावर कधी येतील? शिक्षकमंडळींनी हे गणित वर्गात अवश्य घालावे. आठ आणि पाच यांचा लसावि चाळीस. मघाच्या लयीत ती पाच सेकंदांनी समेवर भेटतात आणि तोवर दर फेऱ्याला जोड्या नव्या जुळतात. पश्चिम बर्लिनच्या टँजरीन ड्रीम या मंडळीने १९७४ साली 'फीड्रा' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यातली त्याच नावाची रचना सतरा मिनिटांहून मोठी आहे. सिक्वेन्सरची ओळ तीत धावत राहते आणि ऐकणारा गुंतून राहतो, तो अशा सावकाश होणाऱ्या बदलांमुळे.

या संगीताचा दुसरा खांब म्हणजे डिले, आपल्या भाषेत प्रतिध्वनी. डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली की ती परत येते. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कडा १७० मीटरवर असला, तर जाऊन येऊन एक सेकंद. यंत्रात कडा कोठून आणायचा? पूर्वी त्यासाठी टेप वापरीत. एका ठिकाणी आवाज टेपवर नोंदवायचा आणि टेप थोडी पुढे सरकली की दुसऱ्या ठिकाणी तो वाचायचा. टेप सेकंदाला साडेसात इंच धावत असेल आणि दोन ठिकाणांत दीड इंचाचे अंतर असेल, तर प्रतिध्वनी एक पंचमांश सेकंदाने येतो. आज तेच काम आवाजाचे आकडे करून, ते साठवून ठेवून केले जाते.

परत आलेला आवाज थोडा कमी करून पुन्हा त्याच वाटेने धाडला, तर प्रतिध्वनीचाही प्रतिध्वनी होतो. प्रत्येक फेरीला साठ टक्के आवाज ठेवला, तर शंभराचे साठ, साठाचे छत्तीस, मग सुमारे बावीस, मग तेरा, असा तो विरत जातो. पण परतीचा आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेला तर? तर काय होते ते आपण प्रत्येक सभेत ऐकतो. माईक कर्ण्यासमोर आला की जी शिट्टी कान फाडते, ती याच प्रकारची.

आता सिक्वेन्सर आणि डिले एकत्र जोडू. खरी गंमत येथेच आहे. मिनिटाला १२० मात्रा, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. प्रतिध्वनी पाऊण मात्रेने, म्हणजे ०.३७५ सेकंदाने येईल असे ठरवू. आपल्या चाकावर ती बरोबर तीन घरे झाली. घरांत मालकंसातले स्वर भरू: सा, सा, म, ध, सा, नी, ध, म. धैवत आणि निषाद अर्थात कोमल. चौथ्या घरात ध वाजतो, तेव्हा पहिल्या घरातला सा प्रतिध्वनी म्हणून परत येतो. सहाव्या घरात नी वाजतो, त्याला तिसऱ्या घरातला म भेटतो. आठव्यातल्या म ला पाचव्यातला सा भेटतो. म्हणजे वाजवली एकच ओळ, पण ऐकू येतात दोघेजण, एक पुढे आणि एक त्याच्या मागून दबक्या आवाजात. ही दुसरी ओळ कोणी बसवलेली नाही.

पण पुढे ऐका. फेरा संपून चाक पुन्हा पहिल्या घरावर आले की सा वाजतो, आणि त्याच क्षणी सहाव्या घरातला कोमल नी परत येतो. येथे दोन स्वर एकमेकांना घासतात. ती घासाघीस ठेवायची की काढायची? यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही. त्याने घड्याळ पाळले, त्याचे काम झाले. कोणाला त्या घर्षणात गोडी वाटेल, तो ते ठेवील. कोणी सहाव्या घरातला नी काढून तेथे म बसवील. कोणी प्रतिध्वनी एक घर पुढे ढकलील. येथे बोटांची तयारी उपयोगी नाही, कानाची लागते.

असेच एक प्रसिद्ध उदाहरण १९७७ सालचे आहे. जर्मनीतील म्युनिक येथे जॉर्जियो मोरोडर आणि पीट बेलोट यांनी डोना समर या गायिकेकडून 'आय फील लव्ह' हे गाणे गाऊन घेतले. त्यातली खर्जाची ओळ सिक्वेन्सरवर धावणारी. ती एका कानात ठेवली आणि तिचा प्रतिध्वनी दोन स्वरांच्या मधल्या जागेत पडेल असा दुसऱ्या कानात दिला, त्यामुळे ओळ दुप्पट वेगाने धावल्यासारखी वाटते. सारे गाणे यंत्रावर, पण गळा माणसाचा. आणि मोठ्या ढोलाचा ठोका यंत्रातून मनासारखा निघेना, म्हणून तो कीथ फोर्सी या वादकाने पायाने वाजवला.

आपल्या मुंबईचेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ नावाची एक लहान पेटी काढली होती. बेस गिटार वाजवणारा जवळ नसेल तर त्याची उणीव या पेटीने भरून काढावी, असा हेतू. तो काही साधला नाही. तिचा आवाज गिटारसारखा वाटेना, आणि १९८४ साली ती बनवणे थांबले. पण १९८२ साली मुंबईतले सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी हीच पेटी, ढोलाची एक पेटी आणि एक सिंथेसायझर एवढ्या सामग्रीवर यमन, तोडी, मालकंस असे दहा राग नाचाच्या ठेक्यावर वाजवले. त्या पेटीत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींडेची ती दूरची नातलग म्हणा. ध्वनिमुद्रिकेची तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे १९८७ साली अमेरिकेतील शिकागोच्या तरुणांनी त्याच पेटीची बटणे पिळून एक नवी नृत्यसंगीताची तऱ्हा गाजवली. २०१० साली चरणजितांची ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले: हे तर मुंबईत पाच वर्षे आधीच झाले होते! उतारवयात त्यांना परदेशी रसिकांपुढे वाजवण्याचा मान मिळाला. २०१५ साली ते वारले.

या हकिकतीत मला एक बोध दिसतो. ती पेटी जोवर माणसाची नक्कल करीत होती, तोवर ती नापास होती. तिला स्वतःचे असे काय बोलता येते हे ज्यांनी कान देऊन ऐकले, त्यांच्या हाती ती वाद्य झाली. बाजाच्या पेटीलाही हे भोगावे लागले आहे. तिला मींड घेता येत नाही, तिचे स्वर जागचे हलत नाहीत, म्हणून १९४० साली खुद्द नभोवाणीवर तिला बंदी झाली आणि १९७१ साली ती सैल होऊ लागली. आज तिच्यावाचून भजन होत नाही.

शिक्षकमित्रांनी हा सारा प्रयोग एक पैसा न खर्चता शाळेत करावा. आठ मुले ओळीने उभी करा आणि प्रत्येकाला एक स्वर द्या. एकाने टेबलावर सारखे ठोके द्यायचे. दर ठोक्याला एकेका मुलाने आपला स्वर म्हणायचा. आठवा झाला की पुन्हा पहिला. हा झाला सिक्वेन्सर. मग दुसरी आठ मुले पाठमोरी उभी करा. त्यांनी तेच स्वर तीन ठोके उशिरा, हलक्या आवाजात म्हणायचे. हा झाला डिले. आणि एका मुलाला बाजूला नुसते ऐकायला बसवा. चार फेरे झाले की त्याने उठून कोणातरी एकाचाच स्वर बदलायचा, आणि का बदलला ते वर्गाला सांगायचे. सोळा मुले यंत्र झाली. या सतराव्याचे काम सर्वांत अवघड, आणि संगीतकार तोच.

तर भजनातल्या आजोबांना सांगावे, "तुम्ही म्हणता ते खरं आहे, पेटी नुसती फिरते. पण कुठं थांबायचं, काय बदलायचं, हे तिला कोणीतरी सांगावं लागतं. ते तुम्ही सांगा." आणि तबलजी आला, की पेटी बंद करून त्याला जागा द्यावी. तो आजोबांकडे पाहून लय धरतो. पेटीला ते अजून जमलेले नाही.