युद्धातल्या पुलाची जागा कशी शोधावी?

श्रोतेहो, १२ मे १९४४ च्या सकाळी इटलीत कसिनोजवळच्या गारी नदीवर, तोफांच्या माऱ्याखाली, ८ व्या हिंदी डिव्हिजनच्या सॅपर्सनी 'ऑक्सफर्ड' नावाचा बेली पूल पुरा केला. असे पूल काम सरलं की उकलून नेत. मग जागा सापडावी कशी?

पहिला आधार पलटणीच्या युद्ध-रोजनिशीचा. तिच्यातला ६ आकडी नकाशा-संकेत आपल्याला १०० मीटरच्या चौकोनात आणून सोडतो. पुढं विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रं पाहावीत; शेतातून थेट काठाशी गेलेली चाकोरी शोधावी. बेलीचा एकेक तुकडा १० फुटांचा. तेव्हा तुकडे मोजले की लांबी कळते. मात्र नदी पात्र बदलते, हे विसरू नये.

जिथं माणसं पडली, ती जागा निनावी राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.