थकलेले स्नायू आणि घाटातली एस.टी.

पोलादपूरहून महाबळेश्वरला निघालेली एस.टी. आंबेनळी घाट खालच्या गिअरवर, वळणे घेत सावकाश चढते. इंजिनाची शक्ती मर्यादित असते ना! स्नायुविकार झालेल्या मुलाचेही असेच असते.

५० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी ३ मीटर उंच जिना चढतो, तेव्हा सुमारे १४७० ज्यूल कार्य होते. १० सेकंदांत चढल्यास १४७ वॉट शक्ती लागते. ६० सेकंदांत चढल्यास अवघी २४.५ वॉट. मात्र प्रत्येक पायरीवर शरीर उचलण्याचे बल तेवढेच लागते. ते कमी करायचे तर घाटासारखा सौम्य चढ हवा.

ड्युशेन या विकारात डिस्ट्रोफिन हे प्रथिन स्नायूंत जवळजवळ नसते. हे प्रथिन १९८७ साली ओळखले गेले. त्याच्याअभावी स्नायुतंतू नष्ट होत जातात आणि उरलेल्यांवर सारा भार पडतो. म्हणून येणारा थकवा हा आळस नव्हे.

अशा मुलाने दमण्यापूर्वीच विसावा घ्यावा, कामाचे तुकडे पाडावेत. सतत पडून राहिल्यानेही स्नायू दुबळे होतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हलका व्यायाम करावा. सकाळी डोके दुखत असल्यास रात्रीचा श्वास अपुरा पडतो का, हे तपासून घ्यावे.

आणि शिक्षकहो, त्याचा वर्ग तळमजल्यावर आणला, तर प्रत्येक खेपेचे ते १४७० ज्यूल अभ्यासाला आणि खेळाला उरतील.