तार तीच, न्याय निराळा

पावसाळ्यात अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांतून एक तक्रार नेहमी कानी येते. जोराची सर आली की टीव्हीवरचे चित्र थिजते. रेडिओ मात्र गातच राहतो. ज्या शाळेत छत्रीवरून शैक्षणिक वाहिन्या दाखवतात, तिथे धडा अर्ध्यावर तुटतो. दुसरी तक्रार अशी, की उंदराने केबल कुरतडली, घरच्याच जाणत्याने पिळा देऊन ती जोडली, वर पट्टी गुंडाळली, तरी चित्र येईना. त्याच पिळ्यावर दिवा तर लख्ख लागतो! मग इथे काय बिघडले?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. ती म्हणजे लाटेची लांबी.

घरच्या विजेची दिशा दर सेकंदाला 50 आवर्तने करते. वीजलहरींचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. भागाकार करा, एक लाट 6,000 किलोमीटर लांब भरते. अमरावतीहून अकोला सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे लाटेचा जेमतेम साठावा हिस्सा. एवढ्या लांब लाटेपुढे बोटभर पिळा तो काय? तिला त्याची दखलही नसते.

छत्रीवर येणारी लहर मात्र सेकंदाला सुमारे 1,200 कोटी आवर्तने करते. तिची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर! आता गंमत पहा. अडीच सेंटिमीटरच्या तारेत एका टोकाला लाटेचा माथा, तर मध्यावर खळगा. इथे तार ही नुसती वाट राहत नाही. तिची लांबी, तिचे वळण, शेजारच्या तारेपासूनचे अंतर, सारे हिशेबात येते.

म्हणूनच छत्रीच्या तोंडाशी ती छोटी डबी, म्हणजे एलएनबी, बसवलेली असते. एवढी चपळ लहर लांब केबलमधून घरात आणायची म्हटले, तर वाटेतच ती बरीचशी जिरेल. डबी तिची आवर्तने सुमारे 100 ते 200 कोटींपर्यंत उतरवते, जोर वाढवते आणि मग केबलीत सोडते. तरीही केबलीतली लाट वीतभर किंवा त्याहून थोडी कमी-जास्तच भरते. मधली तार आणि भोवतीची जाळी यांतले अंतर मोजून ठेवलेले असते. पिळ्यापाशी ते मोडते. कासरा जाड दोरखंडाला बांधून झटका द्या. गाठीपाशी काही लाट पुढे जाते, काही मागे फिरते. पिळ्यापाशी नेमके हेच होते.

पदार्थांचा स्वभावही बदलतो. दिव्याच्या तारेत वीज सबंध तांब्यातून वाहते. आवर्तने वाढली की ती पृष्ठभागाकडे सरकते. छत्रीच्या केबलीत ती तांब्याच्या वरच्या दोन-एक मायक्रोमीटर थरातच राहते. आपला केस याच्या कित्येक पट जाड असतो. त्यामुळेच कित्येक केबलींची मधली तार आतून पोलादी आणि वरून तांब्याची असली तरी भागते. पण पाणी शिरून तांब्यावर हिरवट कळंक चढला, की तो थेट विजेच्या वाटेतच बसतो.

पाण्याची गोष्ट तर आणखीच वेगळी. पाण्याचा रेणू विजेच्या ओढीबरोबर वळू पाहतो. या वेगाला त्याची दमछाक होते आणि लहरीची शक्ती उष्णतेत जिरते. शिवाय पावसाचा टपोरा थेंब काही मिलिमीटरचा. अडीच सेंटिमीटरच्या लाटेला तो अडथळाच. मीडियम वेव्हची लाट शेकडो मीटर लांब, तिला थेंबाची पर्वा नाही. म्हणून रेडिओ गातो.

हाच न्याय उलटा वापरून पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्यात 45 मीटर व्यासाच्या 30 छत्र्या आहेत, आणि त्यांना भरीव पत्रा नाही. पोलादी तारेची जाळी आहे. भोके एक ते दोन सेंटिमीटरची. आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी तिथे टिपतात, त्या वीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या. त्यांना ही चाळणी भिंतीसारखीच! वारा मात्र आरपार जातो. वजन आणि खर्चही वाचतो.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. हाताला सहज लागणाऱ्या छत्रीच्या डबीच्या तोंडासमोर कोरडे गोणपाट धरा आणि टीव्हीच्या पडद्यावर सिग्नलची पट्टी पहा. मग तेच गोणपाट भिजवून धरा. पट्टी घसरलेली मुलांना दिसेल. छत्रीला धक्का मात्र लागू देऊ नका.

आणि घरी एवढे पाळा. केबल शक्यतो अखंड असावी. जोडायचीच झाली तर योग्य जोडणीनेच, आत पाणी शिरणार नाही अशी जोडा. ती चेपू नका, काटकोनात मोडू नका. जोराच्या पावसाला उपाय नाही. सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. तेवढ्यासाठी ओल्या छपरावर चढून जीव धोक्यात घालण्याचे काहीच कारण नाही.